मानवी उत्क्रांतीत शिकारीचे स्थान

आदिमानव म्हटले की हाती भाला घेऊन पशूमागे धावणारा पुरुष डोळ्यांसमोर उभा राहतो. शिकारीनेच वानराचा माणूस घडविला, हा विचार विसाव्या शतकाच्या मध्यास शास्त्रीय सिद्धान्त म्हणून प्रतिष्ठा पावला होता. त्यानंतरच्या संशोधनाने मात्र या चित्रात मूलभूत फेरफार केले आहेत.

हिंस्र वानराची कल्पना

१९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टाँग येथे चुनखडीच्या खाणीत एका बालकाची कवटी सापडली. जोहान्सबर्ग येथील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक रेमंड डार्ट यांनी पुढच्याच वर्षी या प्राचीन जातीला ‘ऑस्ट्रेलोपिथेकस आफ्रिकानस’ असे नाव दिले. पुढे मकापान्सगाट येथे प्राण्यांची मोडलेली हाडे विपुल प्रमाणात मिळाली. ही हाडे, दात व शिंगे म्हणजे या पूर्वजांची शस्त्रेच होत, असा निष्कर्ष डार्ट यांनी काढला आणि १९५३ च्या निबंधात मानवाचा उगम मांसभक्षक, हिंस्र वानरात असल्याचे प्रतिपादन केले. नाटककार रॉबर्ट आर्ड्री यांच्या ‘आफ्रिकन जेनेसिस’ (१९६१) या पुस्तकाने ही कल्पना सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविली. युद्ध व हिंसा मानवाच्या रक्तातच आहेत, या समजाला त्यामुळे विज्ञानाचे पाठबळ असल्याचा आभास निर्माण झाला.

शिकारी की सावज?

या कल्पनेला छेद दिला तो बॉब ब्रेन यांनी. बिबटे, तरस व साळिंदरे हाडे कशी फोडतात, कुरतडतात आणि गुहेत कशी साठवितात, याचा त्यांनी अनेक वर्षे बारकाईने अभ्यास केला. डार्ट यांना शस्त्रे वाटलेल्या हाडांचा उलगडा श्वापदांच्या या सवयींवरून होत होता. स्वार्टक्रान्स गुहेतील एका अल्पवयीन पूर्वजाच्या कवटीवरील दोन छिद्रांमधील अंतर तर बिबट्याच्या सुळ्यांमधील अंतराशी जुळले. ब्रेन यांचा ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९५ मध्ये ली बर्जर व रॉन क्लार्क यांनी टाँगचे बालकही गरुडासारख्या मोठ्या पक्ष्याचे भक्ष्य ठरले असावे, असे मत मांडले. ज्या कवटीपासून या सिद्धान्ताची कहाणी सुरू झाली, ती शिकाऱ्याची नसून सावजाची होती.

मांस कसे मिळविले?

मांस आहारात आले, याविषयी शंका नाही. टांझानियातील ओल्डुवाय घळीत मेरी लीकी यांनी १९५९ मध्ये शोधलेल्या सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या स्थळी हाडांवर दगडी अवजारांचे ओरखडे आहेत, तसेच श्वापदांच्या दातांच्या खुणाही आहेत. माणसाने प्राणी मारला, की सिंहाने टाकलेल्या सांगाड्यातील मगज फोडून खाल्ला? लुईस बिनफर्ड व रॉबर्ट ब्लुमेनशाईन यांनी दुसऱ्या शक्यतेवर भर दिला. हेन्री बन व मानुएल डोमिंगेझ-रोड्रिगो यांनी मांसल हाडांवरील ओरखड्यांच्या आधारे मांस लवकर, कदाचित शिकारीनेच, हाती आल्याचा पक्ष मांडला. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

शिकारीचा निःसंदिग्ध पुरावा बराच नंतरचा आहे. जर्मनीतील शोनिंगेन येथे घोड्यांच्या हाडांसमवेत उत्तम घडणीचे लाकडी भाले सापडले असून त्यांचे वय दोन ते तीन लाख वर्षांदरम्यान मानले जाते.

मेंदू आणि आहार

मानवी मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असला, तरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो. पचनास सुलभ, सकस आहारामुळे आतडे लहान झाले आणि वाचलेली ऊर्जा मेंदूस मिळाली, असे लेस्ली आयेलो व पीटर व्हीलर यांनी १९९५ मध्ये सुचविले. तथापि पूर्व आफ्रिकेतील पुराव्यांच्या २०२२ मधील फेरतपासणीत, ‘होमो इरेक्टस’च्या उदयानंतर मांसाहार सातत्याने वाढल्याचे दिसून आले नाही. त्या काळातील अधिक स्थळांचे उत्खनन झाल्यामुळे पुरावाही अधिक भासत होता.

संकलनाचा वाटा

१९६६ मध्ये शिकागो येथे ‘मॅन द हंटर’ हा गाजलेला परिसंवाद भरला. गंमत अशी की, त्याचे एक आयोजक रिचर्ड ली यांच्याच कालाहारीतील अभ्यासाने शिकारीच्या महत्त्वाला मर्यादा घातली. तेथील कुंग समाजाच्या अन्नाचा मोठा भाग वनस्पतिजन्य होता आणि तो प्रामुख्याने स्त्रिया गोळा करीत. पुढे सॅली स्लोकम यांनी पुरुषकेंद्री मांडणीवर टीका केली, तर क्रिस्टन हॉक्स व सहकाऱ्यांनी हाड्झा समाजातील आज्यांच्या कंदमुळे खणण्याच्या श्रमांकडे लक्ष वेधले. पेरूमधील सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या एका दफनात तरुण स्त्रीच्या शेजारी शिकारीची अवजारे आढळली. त्यावरून शिकार हे केवळ पुरुषांचे काम होते, हा समजही तपासून पाहावा लागला.

सारांश

मानवाचे पूर्वज दीर्घकाळ श्वापदांचे भक्ष्य होते. पुढे ते संधी मिळेल तसे मांस मिळवू लागले आणि निपुण शिकारी फार उशिरा झाले. या प्रवासात अन्न वाटून घेणे, मुलांना सामूहिकरीत्या सांभाळणे आणि परस्परांवर विसंबणे यांचे मोल शिकारीपेक्षा कमी नव्हते. मानवी हिंसेला जन्मजात ठरविण्यासाठी डार्ट यांच्या हाडांचा आधार आज घेता येत नाही.