हिवाळ्यातलं जादा दूध

साठच्या दशकात दादरला आमच्या चाळीपाशी दूधकेंद्र होतं. पहाटे कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत उभं राहायचं काम माझ्याकडे असे. दूध येतं कुठून, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. १९४५ पासूनच गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातलं दूध आणंदला तापवून, थंड करून रेल्वेनं मुंबईला येत होतं, जवळजवळ चारशे किलोमीटरवरून!

पण खरी अडचण अंतराची नव्हती. म्हैस हिवाळ्यात भरपूर दूध देते, उन्हाळ्यात आटते. शहराला मात्र रोज सारखंच लागतं. १९४६ साली शेतकऱ्यांनी सहकारी संघ काढला, मधले ठेकेदार दूर केले, तरी हिवाळ्यातलं जादा दूध मुंबई घेईना. ते न्यायचं कुठे? म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत. संघाचे दुग्धतज्ज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली आणंदला कारखाना सुरू झाला. वर्गीस कुरियन सर्वांना ठाऊक आहेत. दलायांचं नाव कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

हिवाळ्यात भुकटी करायची, उन्हाळ्यात ती कालवून पुन्हा दूध. १९७० च्या ‘ऑपरेशन फ्लड’नं हीच युक्ती महानगरांसाठी वापरली. सुरुवातीची भुकटी युरोपातून मदत म्हणून आली, आणि त्या दुधाच्या विक्रीतून इथल्या डेअऱ्यांना पैसा मिळाला.

उन्हाळ्यात साय कमी धरली, की आमची आजी म्हशीला दोष द्यायची.