टिळा किल्ल्याचा, तलवार महालाची

देवगडचा गोंड राजा चांद सुलतान याने आपली राजधानी नागपुरास आणली. 1739 मध्ये तो वारला, पुत्रांत भाऊबंदकी माजली आणि ती मिटवावयास आलेले रघूजी भोसले 1743 पर्यंत येथले धनीच होऊन बसले! पण बुऱ्हाणशहाला त्यांनी पदच्युत केले नाही. 'राजा' हा त्याचा किताब राखला, नेमणूक बांधून दिली. तो किल्ल्यात, भोसले महालात. भोसल्यांना राज्याचा टिळा लावण्याचा मान गोंड राजाचा. काही महसुली कागदांवर शिक्काही त्याचाच. रोमच्या ऑगस्टसनेही सारी सत्ता हाती घेऊन सिनेट नि कॉन्सल असेच राखले होते.

हा निव्वळ देखावा होता, हे मला पटत नाही. डोंगराळ मुलखातले कित्येक जमीनदार गोंड. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा राजा उठविणे परवडते ना! कुणबी मात्र सारा भरताना शिक्का कुणाचा, हे कशाला पाहतो?

1853 साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. पुढल्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. किल्ल्यातल्या राजाची नेमणूक मात्र इंग्रजांनीही चालू ठेविली.