तानपुरा गेला कुठे? ऑनलाइन संगीतवर्गातील बिघाडाचा इतिहास (थ्रेड)

१/ ऑनलाइन संगीतवर्गात एक अनुभव वारंवार येतो. गुरूंच्या बाजूला तानपुरा अखंड झंकारत असतो. शिष्याच्या कानी मात्र तो आधी क्षीण होतो, मग तुटक येतो आणि अखेर लुप्त होतो. लांबवलेला आकारही थरथरू लागतो. दोष इंटरनेटच्या माथी मारला जातो. या बिघाडाची मुळे मात्र टेलिफोनच्या इतिहासात आहेत.

२/ १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. जाळे विस्तारले तसा प्रश्न उभा राहिला तो काटकसरीचा. बोलणे समजण्यास साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा पुरतो, असे मानून उरलेला ध्वनी छाटण्यात आला. काळी एक पट्टीतील पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे या पट्ट्याच्या बाहेरच!

३/ १९७२ साली 'जी.७११' हे डिजिटल टेलिफोनीचे मानक आले. त्यात सेकंदाला ध्वनीचे ८००० नमुने घेतले जात. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्याहून अधिक कंपनसंख्या टिपता येत नाही; म्हणजे कमाल मर्यादा ४००० हर्ट्झ. जवारीतून उमलणारे त्यावरचे स्वरांश या चाळणीतून गळून पडतात.

४/ दुसरी वाट बेल लॅब्जमधील होमर डडली यांनी शोधली. ध्वनी जसाच्या तसा न पाठवता, कंठ व मुख तो कसा घडवतात याचे वर्णन पाठवायचे! या विचारातून घडलेले 'व्होडर' हे बोलणारे यंत्र १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात झळकले. १९८५ साली मॅन्फ्रेड श्रोडर आणि भारतात जन्मलेले बिष्णू अटल यांनी 'सेल्प' ही पद्धत मांडली. पुढे मोबाइल संभाषण याच घराण्यातील पद्धतींवर चालले. परंतु त्यांचा साचा मानवी वाणीचा. तानपुरा आणि तबला त्यात नीट बसत नाहीत.

५/ १९६५ साली 'अर्ली बर्ड' उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिरावला. आवाजाच्या या दीर्घ प्रवासामुळे बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी उशिराने ऐकू येई. १९६७ साली मनमोहन सोंधी यांनी प्रतिध्वनीचा अंदाज बांधून तो वजा करणाऱ्या यंत्रणेवर निबंध प्रसिद्ध केला. अशा यंत्रणेची खरी कसोटी लागते ती दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू लागल्यावर. संभाषणात असे क्वचित घडते. संगीतशिक्षणात मात्र गुरू शिष्याच्या स्वरात स्वर मिसळतातच.

६/ १९७९ साली स्टीव्हन बोल यांनी गोंगाट हटवण्याची एक प्रभावी रीत मांडली. बोलण्यातील विरामात जे ऐकू येते तो गोंगाट समजून त्याचे मापन करावे आणि संपूर्ण ध्वनीतून ते वजा करावे. या कुळातील यंत्रणा अखंड, स्थिर नादाला गोंगाट मानतात. पंखा अखंड, तानपुराही अखंड! यंत्राच्या लेखी दोघांत भेद नाही.

७/ २०१२ साली 'ओपस' हे मानक आले. स्काइपचे 'सिल्क' आणि झिफ संस्थेचे 'सेल्ट' यांचा तो संगम. सेकंदाला ४८,००० नमुन्यांपर्यंत मजल गेल्याने संगीतही उत्तम पोहोचवता येऊ लागले. तरीही प्रतिध्वनी व गोंगाट हटवणाऱ्या आणि माइकची पातळी आपोआप बदलणाऱ्या यंत्रणा बहुतेक ॲपमध्ये सुरूच राहिल्या. २०२० च्या टाळेबंदीत संगीतवर्ग पडद्यावर आले आणि हा जुना वारसा घरोघरी ऐकू आला.

८/ हा इतिहास ठाऊक असला की निदान सोपे होते. बोलणे स्वच्छ, पण तानपुरा गायब: गोंगाट हटवणारी यंत्रणा बंद करावी. दोघे एकत्र गाताच आवाज तुटतो: दोन्हीकडे तारेचे हेडफोन लावून प्रतिध्वनी हटवणारी यंत्रणा बंद करावी. फक्त तार सप्तकात आवाज फाटतो: माइकची पातळी कमी करावी. ब्लूटूथचा माइक सुरू होताच नाद फोनसारखा बारीक होतो: तारेचा माइक वापरावा. बोलणे आणि गाणे दोन्ही अडखळते: तेव्हाच इंटरनेटवर संशय घ्यावा. झूमसारख्या ॲपमध्ये 'मूळ ध्वनी'चा पर्यायही आहे.

९/ एक अडचण मात्र उरते: विलंब. दूरच्या दोन शहरांतून एकाच लयीत गाणे आजही दुष्कर आहे. तेथे जुनी तालीमच उपयोगी पडते. गुरूंनी आधी म्हणावे, शिष्याने मागून म्हणावे. आणि तानपुरा शिष्याने स्वतःच्या खोलीतच लावावा. यंत्रे बिघडलेली नाहीत. ती बोलण्यासाठी घडवली गेली आणि बोलण्याच्या दृष्टीने जे अनावश्यक, ते आजही निष्ठेने पुसून टाकत आहेत.