दिवा मालवल्यावरची आठवण

सहामाहीचे पेपर तपासत मी ओटीवर बसलो होतो. दिवाळी चार दिवसांवर आली होती. इतक्यात माझा एक जुना विद्यार्थी हातात पोस्टकार्डाएवढी हिरवी पट्टी घेऊन आला. मुंगळे चिकटून बसावेत तशा काळ्या चिपा तिच्यावर बसवल्या होत्या. नदीच्या पाण्याची उंची दर तासाला टिपून ठेवणारे यंत्र त्याने रचले होते.

आमच्या जांभूळच्या माणसाला अशा यंत्राचे महत्त्व सांगावे लागत नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पूर आला की पहिली जाते ती वीज. तेव्हा यंत्राने टिपलेले आकडे वीज गेल्यावरही टिकले पाहिजेत, नाहीतर ते यंत्र कशाला?

"पण गुरुजी, हे मुके झालंय," तो म्हणाला. "यातली फ्लॅश हाकेला ओ देत नाही."

मला त्यातले काय कळणार! पण इतिहास ही माझी जुनी खोड. म्हटले, मुळापासून सांग. त्याने सांगितलेले आणि मी नंतर वाचून पडताळलेले असे मिळून वाचकांपुढे ठेवतो.

वीज गेल्यावरही टिकणारी आठवण माणसाने प्रथम दगडात कोरली. आमच्या शेजारच्या अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ आजही आहे. पण दगडावरचे पुसून पुन्हा लिहिता येत नाही. लिहावे, पुसावे आणि तरीही विसरू नये, ही किमया यंत्राला हवी होती.

आपल्याकडे देशी घडणीत तिचा आरंभ मुंबईत झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी गणकयंत्र उभे राहिले. १९६० साली ते कामाला लागले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या आणि लोखंडी मांडणीत भिंतभर पसरलेला देह! त्याची स्मृती म्हणजे तारांत ओवलेली बारीक चुंबकी कडी. प्रत्येकी ४० अंशांचे २,०४८ शब्द, म्हणजे आजच्या मापाने अवघे १० किलोबाइट. माझ्या विद्यार्थ्याच्या पट्टीवरील नखाएवढ्या चिपेत १६ मेगाबाइट मावतात. म्हणजे सोळाशेहून अधिक टिफ्रॅकांची स्मृती एका नखावर!

हे कसे घडले? १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉन कांग आणि सायमन झे यांनी चहूबाजूंनी विद्युतरोधक थर असलेली एक इवलीशी कोठडी सुचवली. तिच्यात इलेक्ट्रॉन कोंडले की वीज गेली तरी ते वर्षानुवर्षे बाहेर पडत नाहीत. १९७१ साली डोव्ह फ्रोमन यांनी इंटेलमध्ये अशी चिप केली, परंतु ती पुसायला क्वार्ट्झच्या खिडकीतून अतिनील किरण सोडावे लागत. पुढे जपानात तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी विजेनेच एका दमात पुसली जाणारी स्मृती शोधली आणि १९८४ साली ती जगापुढे मांडली. कॅमेऱ्याचा दिवा लखकन चमकावा तशी ती पुसली जाते, म्हणून एका सहकाऱ्याने तिला 'फ्लॅश' हे नाव सुचवले.

हिची एक खोड मात्र आहे. लिहिताना एकाचे शून्य होते, पण शून्याचे पुन्हा एक करायचे तर सबंध कप्पा पुसावा लागतो. पाटीवरचे एकच अक्षर चुकले तरी सारी पाटी पुसायची, तसे! शिवाय एक कप्पा साधारण लाखभर वेळाच पुसता येतो. दर तासाला पुसत गेले तर वर्षाला ८,७६० वेळा, आणि अकरा-साडेअकरा वर्षांत कप्पा निकामी. म्हणून शहाणा कारागीर ओळीखाली ओळ लिहीत जातो आणि पाटी भरली तरच पुसतो. यंत्राला जागे करणाऱ्या आज्ञा तो वेगळ्या कप्प्यात ठेवतो, नाहीतर पुराचे आकडे पुसताना यंत्राची शुद्धच हरपायची.

राहिली बस. हसू नका, आपली एसटी आणि ही बस एकाच लॅटिन शब्दाच्या लेकी. 'ऑम्निबस' म्हणजे सर्वांसाठी. १९७० च्या सुमारास डेक कंपनीने आपल्या एका गणकयंत्रातील सामाईक तारांच्या रस्त्याला हेच नाव दिले होते. ह्या रस्त्यावर प्रत्येक चिपेला घर-नंबर असतो. योग्य नंबरावर हाक मारली तरच ती ओ देते.

"हाक कशी मारतोस?" मी विचारले.

"८५ नंबरच्या घरात ठरलेला संकेत टाकायचा. मग चिप क्यू, आर, वाय अशी तीन अक्षरे सांगते. आपल्या हजेरीतल्या 'हजर'सारखी."

"आणि एका घरात बाइट किती?"

"चिपेच्या हिशेबाने दोन. आणि प्रोसेसर मोजतो एकेक—" तो बोलता बोलता थांबला. "गुरुजी, ८५ नव्हे, १७०!"

तिथेच लॅपटॉप उघडून त्याने आकडा बदलला. पडद्यावर तीन अक्षरे उमटली. घड्याळाची चिपही गप्प होती. तिचा नंबर १०४, पण वाचायचे की लिहायचे हे सांगणारा शेवटचा अंश धरून तो २०८ असा छापलेला. तिथे दुप्पट नव्हे, निम्मे करायचे होते. पंतोजींच्या पाढ्यांचा असाही उपयोग!

पट्टीची तार काढून त्याने पुन्हा जोडली. मघाचे आकडे जसेच्या तसे होते.

मला मात्र मासुओका आठवत राहिले. त्यांच्या शोधावर जगाचे फोन आणि कॅमेरे चालतात, तरी मोबदल्यासाठी त्यांना आपल्याच जुन्या कंपनीवर दावा लावावा लागला. २००६ साली तो ८ कोटी ७० लाख येनांवर मिटला. आणि टिफ्रॅक घडवणाऱ्यांची नावे आपल्या किती मुलांना ठाऊक आहेत? यंत्राला न विसरण्याची विद्या माणसाने शिकवली. स्वतः मात्र शिकवणाऱ्याला विसरला.

निघताना त्या मुलाने वाकून नमस्कार केला. म्हणाला, "पाढे तुम्हीच पाठ करून घेतले होते." अंगणात पणत्या लावायची वेळ झाली होती.