लोणी बाजारात, ताक घरात

आयर्लंडचा सोडा ब्रेड म्हणजे तिथल्या खेड्यांची फार जुनी परंपरा, असंच मलाही कित्येक वर्षं वाटत होतं. पण खाण्याचा सोडा तिथल्या शेतकऱ्याच्या घरात शिरला तोच मुळी 1830-40च्या सुमारास. त्याआधी गरिबाच्या ताटात बटाटा, कुठे ओटच्या पिठाची भाकरी.

1845 साली बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं दगावली, जवळजवळ तेवढीच देश सोडून गेली. सरकारनं अमेरिकेतून मका आणवला. तो कसा शिजवायचा हे बायकांना ठाऊक नव्हतं. अर्धकच्चा खाऊन पोटं बिघडली. या दुष्काळानंतर घरच्या पावाचं महत्त्व वाढत गेलं.

तिथल्या ओल्या हवेतला गहू मऊ, त्याच्या पिठाला चिवटपणा कमी. यीस्टनं ते नीट फुगत नाही. पण त्यात सोडा घालून आंबट ताक ओतलं की लगेच वायू सुटतो. तिंबणं नाही, वाट पाहणं नाही. बहुतेक घरांत भट्टी नव्हतीच. दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटचा विस्तव करायचा, त्यावर ‘बॅस्टिबल’ नावाचं जाड लोखंडी भांडं ठेवायचं आणि त्याच्या झाकणावरही निखारे रचायचे. गोळ्यावर सुरीनं फुली मारत. कुणी म्हणे ती क्रुसाची खूण, कुणी म्हणे पऱ्यांना बाहेर पडायची वाट. मला आपलं साधं कारण पटतं : धग आतपर्यंत पोचते आणि चार तुकडे सहज मोडतात.

पण हे ताक आलं कुठून? शेतकऱ्याची बायको लोणी काढी, ते घरात खायला नव्हे. जमीनदाराचा खंड भरायचा तर लोणी विकणं भाग. एकोणिसाव्या शतकात कॉर्क शहराचा लोणीबाजार जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारांत गणला जाई. तिथून पिंपं जहाजांवर चढत. पोरांसाठी मागे उरे ते ताक. पाव फुगला तो त्या ताकावर.

1946पासून खेड्यांत वीज पोचू लागली, आणि हळूहळू बॅस्टिबल कोपऱ्यात गेलं. पाव अजून घरोघरी होतो. ताक मात्र दुकानातून येतं, बहुधा दूध मुद्दाम आंबवून केलेलं. आणि गरम तुकड्यावर लोणी लावतात ते चांगलं जाडसर.