जीपड्याची पणतवंडं

शहाडच्या उड्डाणपुलापासून थोडं आत एका गॅरेजात एक जीपडं बरीच वर्षं उभं आहे. हूड फाटलेलं, पुढचे पाटे एका अंगाला बसलेले. तरी मिस्त्री दर दसऱ्याला त्याला हार घालतो, धक्का मारून चालू करतो आणि पाच मिनिटं धूर काढून परत बंद करतो. गेल्या पावसाळ्यात माझा भाचा तिथे बसून मोबाइलवर एक गाडी दाखवत होता. नांगरलेल्या वावरातून उड्या मारत जाणारी, दारं-काचा नसलेली, लोखंडी पाइपांच्या पिंजऱ्यात दोन माणसं शेजारी-शेजारी बसलेली. "मामा, हिला साइड-बाय-साइड म्हणतात. माळशेजच्या अंगाला फिरायला, आणि जमलं तर रेसलाही." मिस्त्रीने हात पुसत मोबाइलमध्ये डोकावलं आणि एकच विचारलं, "पासिंग होतं का हिचं?"

भाचा गप्प बसला. पण या गाडीचा वंश शोधायचा तर सुरुवात मिस्त्रीच्या त्या प्रश्नापासूनच करावी लागते.

आधी नावाचं. चार जाड चाकांच्या ज्या एटीव्हीवर आपण लोणावळ्याच्या रिसॉर्टात तासाच्या हिशोबाने पैसे मोजून फिरतो, तिच्यावर घोड्यासारखी मांड टाकून बसावं लागतं. साइड-बाय-साइडमध्ये हातात स्टिअरिंग, पायाशी पेडल आणि बाजूला सोबती. म्हणजे ती घोड्याच्या नाही, छकड्याच्या जातीची. आणि या जातीचा मूळपुरुष आपल्या गॅरेजात हूड फाटून उभा आहे, असं माझं म्हणणं.

1940च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने 135 कंपन्यांना पत्रं धाडली: हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी, नमुना 49 दिवसांत. बँटम नावाच्या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला हाताशी धरून तो मुदतीत नेऊन दिला. पुढे मोठी कंत्राटं मात्र विलीज आणि फोर्डला गेली. महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनल्या. विलीजच्या गाडीत 60 हॉर्सपॉवरचं इंजिन, रुंदी 62 इंच. हा 62चा आकडा लक्षात ठेवा.

त्याच युद्धात शहाडच्या पलीकडे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले, 1949मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण आजही इथे कोणी उल्हासनगरला जात नाही. सगळे 'कॅम्पात' जातात, एक नंबरपासून पाच नंबरपर्यंत. छावणीत जीप होत्या का, असं कोणी विचारलं तर मी उलट विचारतो, नसतील तर मग कुठे असणार?

युद्धाच्या काळात के. सी. महिंद्रा भारताच्या खरेदी मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. 1945मध्ये त्यांनी भाऊ जे. सी. आणि मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाचा व्यापार सुरू केला: महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणीनंतर भागीदार पाकिस्तानचा अर्थमंत्री झाला, पुढे गव्हर्नर जनरलही, आणि कंपनीच्या नावातला मोहम्मद जाऊन दुसरा महिंद्रा आला. पोलादापाठोपाठ या कंपनीने जीपही हाती घेतली. तिचे सुटे भाग बोटीने येत आणि मुंबईत माझगावला जोडले जात. पुढे उंच बॉनेटचं 'सीजे थ्री-बी' हे मॉडेल इथे असं रुजलं की अमेरिकेने 1968मध्ये ते बंद केलं तरी आपण त्याच ढाच्यावर गाड्या काढत राहिलो. बॉनेट उंच का, तर नव्या इंजिनाचे व्हॉल्व्ह वर गेले आणि जुन्या झाकणाखाली ते मावेना. घरात टीव्ही मावत नाही म्हणून भिंतीला कोनाडा पाडावा तसला प्रकार. याच घराण्यातली भावंडं पुढे काळी-पिवळी होऊन गावोगाव धावली. मागे आठ, पुढे चार, टपावर कोंबड्या.

तिकडे अमेरिकेत जीप मोठी, महाग आणि गुबगुबीत होत गेली. ओढ्यातून, शेतातून जाणाऱ्या हलक्या गाडीची जागा रिकामी पडली. 1988मध्ये कावासाकीने 'म्यूल' आणली. नाव खेचराचं, काम ओझ्याचं. मजेसाठी म्हणून खरी खपली ती यामाहाची 'ऱ्हायनो', 2003च्या सुमाराची. ती अरुंद आणि उंच. वळणावर कलंडे, आणि कलंडताना माणूस आपसूक पाय बाहेर टाकी. 2009मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने जाहीर केलं की अशा अपघातांत 46 माणसं गेली आहेत. मग विकलेल्या गाड्यांच्या मागच्या चाकांना स्पेसर लावून त्यांची बैठक रुंद करण्यात आली.

निवडीची सगळी गोम या रुंदीत आहे. तिकडच्या जंगलातल्या कितीतरी पायवाटांवर 50 इंचांपेक्षा रुंद गाडी सोडत नाहीत. म्हणून 2007मध्ये पोलारिसने 'रेझर' आणली ती नेमकी 50 इंचांची, आपल्या रिक्षाएवढी. शर्यतीचं उलट. तिथे गाडी जितकी रुंद, तितकी वळणावर चिकटून राहते. 2016ची कॅन-अॅम 'मॅव्हरिक एक्स-थ्री' 64 आणि 72 इंचांत मिळू लागली, दीडशेवर हॉर्सपॉवर घेऊन. डाकार रॅलीत या जातीचा वेगळा वर्ग 2017मध्ये झाला. वाटेवर फिरायचं तर अरुंद, धावायचं तर रुंद. दोन्ही एकीत मागणाऱ्या भाच्याला मी हे तिथेच सांगितलं. त्याने मान हलवली, पण मोबाइल खाली ठेवला नाही.

बहुतेक साइड-बाय-साइडना गिअरबॉक्सऐवजी बेल्ट असतो. पोलारिस मुळात बर्फावरच्या गाड्यांची कंपनी, तिथूनच तो आला. आपल्याकडे 1984च्या कायनेटिक होंडाने घराघरातल्या बायकांना हाच बेल्ट दिला. बेल्टमध्ये पाणी शिरलं की तो सरकतो, इंजिन बोंबलतं आणि गाडी जागेवर. पावसाळ्यात मुरबाडच्या पलीकडे फिरायचं ठरवणाऱ्याने हे विसरू नये.

आणि मग 2018. महिंद्राने डेट्रॉइटजवळ 'रॉक्सर' बनवायला घेतली. भाग इथून गेलेले, अंगकाठी जुन्या जीपची, खाली पाटे, 62 हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. रस्त्यावरच्या मोटारीचे नियम चुकवायला ती फक्त रस्त्याबाहेरची ठरवली, वेग ताशी 72 किलोमीटरवर बांधला आणि साइड-बाय-साइडच्या रांगेत उभी केली. जीपचं नाव तेव्हा ज्यांच्या मालकीचं होतं, त्या फियाट क्रायस्लरने तक्रार केली की ही आमच्यासारखी दिसते. 2020मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ते मान्य केलं, आणि रॉक्सरला तोंड बदलून घ्यावं लागलं. सत्तर वर्षं ज्याने आजोबाचा चेहरा सांभाळला, त्या नातवाला तोच चेहरा लावायला मनाई! पण मला गंमत वाटते ती रुंदीची. रॉक्सरही 62 इंचच.

पोलारिस 2011मध्ये भारतातही आली. पण साइड-बाय-साइडला आरटीओचं पासिंग नाही, म्हणजे शेतापर्यंत गाडी टेम्पोत चढवून न्यायची. म्हणून आपल्याकडे हौशी लोक जिप्सी, थार नाहीतर जुनी जीप घेतात, विंच बसवतात आणि गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजला चिखलात रुतायला जातात. शिकायचं असेल तर महिंद्राची ऑफ-रोडिंगची शाळा इगतपुरीजवळ आहे, आपल्याच लाइनीवर, कसाऱ्याच्या पुढे.

मिस्त्रीने हे सगळं ऐकून घेतलं, खिशातला टेप काढला आणि जीपड्याच्या मडगार्डला लावला. दुसरं टोक भाच्याने धरलं. गंज धरून बासष्ट इंच आणि वर दोन सूत.

"पाटे आणायला कॅम्पात कधी जायचं?" भाच्याने विचारलं.