पाण्यावाचून गेलेले वर्ष



इतिहास या विषयावर बोलण्यासाठी मला बोलावले, हे व्याख्यानमालेच्या चालकांचे धाडसच म्हटले पाहिजे. माझे शाळेतले शिक्षण दहावीला थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा राजेरजवाड्यांचा इतिहास माझ्याकडून ऐकायला मिळेल, अशी अपेक्षा कोणी धरू नये. एका लहानशा हौशी जलतरण संस्थेवर एक वाईट वर्ष आले. त्या वर्षी 'हौशी' या शब्दाचा अर्थ मला नव्याने शोधावा लागला. त्या शोधाची हकिगत तेवढी आपल्यापुढे ठेवतो.

आमचे नशिराबाद जळगाव आणि भुसावळ यांच्या मध्ये, हमरस्त्यावर वसलेले आहे. माझ्या पिढीतील पोरे पोहायला शिकली ती विहिरीत. पाठीला सुका भोपळा नाहीतर झाकण घट्ट बसवलेला पत्र्याचा डबा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि दोराचे दुसरे टोक काठावर उभ्या असलेल्या चुलत्याच्या हाती द्यायचे. पोर गटांगळ्या खाऊ लागले की दोर ताणला जाई. पोर हातपाय मारू लागले की तो हळूहळू सैल होई. पोहायला आले म्हणजे शाबासकी पोराला मिळे. काठावरच्या माणसाची आठवण कोणी ठेवीत नसे.

पुढे शहरांतून नगरपालिकांचे तरणतलाव झाले आणि त्यांच्याभोवती हौशी संस्था उभ्या राहिल्या. जिल्ह्याची संघटना राज्याच्या संघटनेला जोडलेली, राज्याची भारतीय जलतरण महासंघाला, आणि महासंघ जागतिक संघटनेला, अशी ही उतरंड आहे. उतरंडीच्या तळाशी जी मडकी असतात, त्यांपैकी एका मडक्याचा मी खजिनदार होतो. माझा धाकटा मुलगा पोहत असे आणि मला हिशेब लिहिता येत असे, एवढीच माझी लायकी. अशा संस्थेत चिटणीस, खजिनदार, पंच हे सारे बिनपगारी असतात. वर्गणी गोळा करावी, निवड चाचण्या घ्याव्यात, पोरांना रेल्वेने स्पर्धेला न्यावे आणि सुखरूप परत आणावे, हे तिचे काम. संस्थेजवळ सगळे काही असते. नसते ते फक्त पाणी. पाणी दुसऱ्याचे असते, आणि ही गोष्ट चांगल्या वर्षी कोणाच्या ध्यानात येत नाही.

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. आम्हां कामगारांना हा शब्द जुनाच. मालकाने गिरणीच्या फाटकाला कुलूप घातले की आम्ही त्याला टाळेबंदी म्हणत आलो. आता साऱ्या देशाच्या फाटकाला कुलूप लागले. टोकियोचे ऑलिंपिक पुढे ढकलल्याची घोषणा आदल्याच दिवशी झाली होती. त्या उन्हाळ्यात करोनाने आमच्या जळगाव जिल्ह्यात जे बळी घेतले, ते आठवले की अजूनही अंगावर काटा येतो. अशा वेळी पोहण्याचे नाव काढणेही कोणाला शोभले नसते, आणि आम्ही ते काढले नाही.

परंतु महिने लोटले. दुकाने उघडली, गाड्या धावू लागल्या, तलाव मात्र बंदच राहिले. केंद्र सरकारने खेळाडूंच्या सरावापुरती मोकळीक दिली ती 15 ऑक्टोबर 2020 पासून, आणि सर्वांसाठी 1 फेब्रुवारी 2021 पासून. ती अंगवळणी पडते न पडते तोच एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि महाराष्ट्रात तलाव पुन्हा बंद झाले. जानेवारी 2022 मध्ये तिसऱ्या लाटेच्या वेळी पुन्हा तेच. मी याला एक वर्ष म्हणतो खरा, पण ते पंचांगातले वर्ष नव्हे. ते जवळजवळ दोन वर्षे चालले.

बंद तलाव म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि सरासरी दोन मीटर खोल अशा तलावात 25 लाख लिटर पाणी असते. ते रोज गाळावे लागते, त्यात क्लोरीन घालावे लागते, फिल्टर उलट्या पाण्याने धुवावे लागतात. हे थांबले तर खानदेशच्या उन्हात पाणी बघता बघता हिरवे होते, त्यात शेवाळ धरते, डास होतात. बरे, तलाव रिकामा करावा तर उन्हाने फरशा सुटतात, आणि जमिनीखाली पाणी वर असेल तर खालच्या दाबाने तळाला तडे जातात. म्हणजे कोणी पोहत नसले तरी तलावाला माणूस लागतोच.

पोरांचे नुकसान निराळे. जलतरणाच्या स्पर्धा वयोगटांनुसार होतात. जो मुलगा 2020 साली आपल्या गटात सर्वांत मोठा व तयारीचा होता, तो पुढच्या स्पर्धेपर्यंत वरच्या गटात गेला आणि तिथे सर्वांत लहान ठरला. गेलेले पीक पुढच्या हंगामात घेता येते. गेलेला वयोगट परत येत नाही. शिवाय गरीब घरच्या पोराला राज्यस्पर्धेचे प्रमाणपत्र म्हणजे नुसता कागद नसतो. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्या दाराची किल्ली हे प्रमाणपत्र आहे.

मोठ्या खेळाडूंचीही हीच गत झाली. कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला होता. 2010 साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले, तेव्हा पोहण्यातले भारताचे ते 24 वर्षांनंतरचे पहिले पदक होते. या खेळाडूनेही जून 2020 मध्ये, तलाव कधी उघडतील याचा काही पत्ता नाही, आता निवृत्तीचा विचार करावा लागेल, असे जाहीरपणे म्हटले. तो राज्य सरकारच्या सेवेत अधिकारी होता. त्याचे घर पोहण्यावर चालत नव्हते. ज्यांचे घर पोहण्यावर चालत होते, त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत फारसे आले नाही. मी बोलणार आहे ते त्यांच्याविषयी.

जुलै महिन्यातील गोष्ट. आमची पोरे ज्या तलावात सराव करीत, तेथील एक जीवरक्षक माझ्या घरी आला. ओट्यावर अंतर राखून बसला. तेथे तीन जीवरक्षक आणि एक पंपावरचा माणूस, असे चौघे ठेकेदाराकडे रोजंदारीवर होते. तलाव बंद झाला त्या दिवशी रोजही बंद झाला. तो म्हणाला, "भाऊ, पोरांची स्पर्धा पुढच्या वर्षी होईल. आमच्या पोटाची कधी होईल?"

मला उत्तर सुचले नाही. लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. मी पंचवीस वर्षे कामगार चळवळीत आहे. सफाई कामगारांच्या, हमालांच्या, बिडी वळणाऱ्या बायांच्या हजेरीपुस्तकांवरून भांडलो आहे. आणि ज्या काठावर माझा स्वतःचा मुलगा मी सहा वर्षे निर्धास्तपणे सोडून येत होतो, त्या काठावरच्या माणसाला रोज किती मिळतो, हे मी एकदाही विचारले नव्हते. तेथे मी पालक होतो, खजिनदार होतो, हौशी कार्यकर्ता होतो. तेथे मी युनियनवाला नव्हतो.

संस्थेची सभा भरली, निंबाखाली, तोंडाला फडकी बांधून. मी म्हटले, संस्थेची जी थोडी शिल्लक आहे, तिच्यातून या चौघांना काही द्यावे. आमचे चिटणीस सज्जन गृहस्थ, संस्थेसाठी झिजलेले. ते म्हणाले, "भाऊसाहेब, ते आपले सभासद नाहीत आणि आपले नोकरही नाहीत. घटनेत बसत नाही. आपली संस्था हौशी आहे." नियमाने त्यांचे बोलणे अगदी बरोबर होते. सभा काही न ठरता उठली, आणि मी 'हौशी' या शब्दाच्या मागे लागलो.

हा शब्द आला कोठून? 7 जानेवारी 1869 रोजी लंडनच्या जर्मन जिम्नॅशियममध्ये काही पोहणाऱ्या मंडळींची परिषद भरली आणि तेथून संघटित जलतरणाचा आरंभ झाला. इकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. म्हणजे आजचे हे व्यासपीठ आणि जलतरण संघटना ही जवळजवळ एकाच काळातील भावंडे आहेत. वर्गणी, घटना, चिटणीस आणि ठराव यांवर चालणाऱ्या संस्थांचा तो काळ होता.

त्या इंग्रज संस्थेपुढे पहिला प्रश्न आला तो हा की, हौशी कोणाला म्हणावे? पैशाच्या बक्षिसासाठी किंवा पैजेसाठी जो पोहतो तो हौशी नव्हे, हे समजण्यासारखे आहे. परंतु नियम तेवढ्यावर थांबला नाही. पोहणे शिकवून जो पोट भरतो, तोही हौशी नव्हे असे ठरले. म्हणजे ज्याने पोहायला शिकवले तो बाहेर, आणि जो त्याच्याकडून शिकला तो आत. नौकानयनवाले तर त्याही पुढे गेले. 1879 साली हेन्लीच्या शर्यतींसाठी त्यांनी जो नियम केला, त्यात कारागीर आणि मजूर यांना हौशी मानायचेच नाही असे ठरवले. मग त्याने वल्ह्यासाठी एक पैसाही घेतलेला नसो. पोहणाऱ्यांनी मजुरांना असे सरसकट वगळले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तरीही हौशी कोण या वादावरून 1884 साली त्यांच्यात फूट पडली, काही क्लबांनी निराळी चूल मांडली, आणि 1886 साली दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र आले.

1884 हा आकडा वाचला आणि मी पुस्तक मिटले. कारण हे साल आम्हांला पाठ असते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवला. त्यातली पहिली मागणी काय होती? आठवड्यातून एक दिवस सुटी. ती मिळायला 10 जून 1890 उजाडला. तिकडे विलायतेत हौस कोणाची शुद्ध यावर भांडण चालले होते. इकडे ज्याला हौस करायला एक दिवसही नव्हता, तो त्या दिवसासाठी झगडत होता. आज खानदेशातील एखादा मजूर रविवारी पोराला घेऊन तलावावर जातो, त्याचे श्रेय जितके जलतरण संघटनेला तितकेच लोखंड्यांना आहे.

पुढे काळाने या शब्दाचा ताठा उतरवला. 1974 साली ऑलिंपिक समितीने खेळाडूच्या बुडालेल्या रोजाची भरपाई द्यायला परवानगी दिली, आणि त्यानंतरच्या दहापंधरा वर्षांत हौशीपणाची अट बहुतेक खेळांतून गळून पडली. आपल्याकडील संघटनांच्या पाट्यांवर मात्र तो शब्द राहिला आहे. तो काढावा असे मी म्हणत नाही. हौशी माणूस बिनपगारी राबतो म्हणूनच आडगावच्या पोराला स्पर्धा पाहायला मिळते, हे मी स्वतः अनुभवले आहे. माझे म्हणणे इतकेच की, आपली हौस दुसऱ्याच्या रोजावर उभी आहे हे हौशी माणसाने विसरू नये.

हे सारे मी पुढच्या सभेत सांगितले. चिटणीस बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "घटनेत नसेल तर घटनेत घालू." ठराव झाला की, शिल्लकेचा निम्मा भाग चौघांना द्यावा आणि पुढे प्रत्येक स्पर्धेच्या प्रवेशशुल्कातून थोडा भाग 'काठाचा निधी' म्हणून निराळा ठेवावा. त्याबदली त्यांनी टाळेबंदी सरल्यावर गावोगावच्या पोरांना बुडत्याला कसे वाचवावे हे शिकवावे. कारण तलाव बंद असले तरी विहिरी, नद्या आणि शेततळी उघडीच होती, आणि तेथे काठावर दोर धरणारे कोणी नव्हते.

आम्ही फार मोठे काम केले असा आपला समज होऊ नये. जे दिले ते चौघांच्या महिन्याभराच्या धान्यालाही पुरते नव्हते, आणि ते उशिरा दिले. एक जीवरक्षक तोवर सुरतेला निघून गेला होता. दुसऱ्याने भाजीची गाडी लावली होती आणि ती सोडून तो परत आला नाही. तलाव उघडायची परवानगी आली तेव्हा पाणी निळे होते, क्लोरीन होते, पोरे कपड्यांची पिशवी घेऊन फाटकाशी उभी होती. पण पुरेसे जीवरक्षक नाहीत म्हणून फाटक आणखी कित्येक दिवस बंद राहिले. इतके महिने आम्ही पाण्याची वाट पाहिली, आणि पाणी आले तेव्हा माणूस नव्हता.

वीरधवल खाडे निवृत्त झाला नाही. 2023 साली गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक मिळवूनच त्याने स्पर्धांचा निरोप घेतला. आमच्या संस्थेची पोरेही पुन्हा पाण्यात उतरली. काही वरच्या गटात हरली, काही जिंकली. सुरतेला गेलेला माणूस एका दिवाळीत भेटला. तिथे कापडाच्या कारखान्यात बारा तास उभा असतो. मी विचारले, पोहतोस का आता? तो हसला आणि म्हणाला, "भाऊ, रविवारीबी पाळी असते."

लोखंड्यांच्या त्या अर्जाला एवढी वर्षे झाली आहेत. संस्था चालवणाऱ्यांनी आपल्या हिशेबाच्या वहीत एक रकाना काठावरच्या माणसासाठी ठेवावा, आणि तो वाईट वर्ष येण्यापूर्वी ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे.